सुधाकराला जे लाभले नाही

राम गणेश गडकरी यांचे देहावसान 23 जानेवारी 1919 रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे झाले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. त्या नाटकाचा नायक सुधाकर हा कोणी अडाणी मनुष्य नव्हे. तो बुद्धिमान वकील आहे, मानी आहे, सुशील पत्नीचा पती आहे. न्यायासनासमोर झालेल्या तंट्यात त्याची सनद काही काळ हिरावली जाते, आणि त्या अपमानाच्या भरात कारकून तळीराम त्याच्या हाती पहिला पेला देतो. पुढे सुधाकर, सिंधू व तान्हे मूल या तिघांचाही अंत होतो.

पहिला पेलाच घेऊ नये, हा बोध प्रेक्षकांनी तेव्हाच घेतला. परंतु याच नाटकातील दुसरी एक गोष्ट मात्र बहुधा नजरेआड होते. सुधाकर मध्यंतरी मद्य सोडण्याचा निश्चय करतो. निश्चय खरा असतो. तो काम मागावयास बाहेर पडतो. परंतु ओळखीची माणसे त्याला दारूबाज म्हणून हिणवतात, दारातूनच परत लावतात. तो पुन्हा पेल्याकडे वळतो. रामलालासारखा निष्ठावंत मित्र त्याला होता. उपदेश करणारे होते. तळीरामाचे मंडळ तर होतेच. नव्हता तो एकच मनुष्य: जो स्वतः त्या गर्तेत पडून वर आला आहे आणि 'हा मार्ग मी चाललो आहे' असे म्हणू शकेल.

त्या काळी समाजाचे लक्ष दुकानांकडे होते, आणि तेही अनाठायी नव्हते. पुण्यात दारूची दुकाने वाढत असता महात्मा फुले यांनी 1880 साली नगरपालिकेपाशी त्याविरुद्ध आवाज उठविला. 1921 साली असहकारितेच्या दिवसांत नागपुरात दारूच्या दुकानांवर पिकेटिंग झाले. 1937 साली अधिकारावर आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने मध्यप्रांत व वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा आणला. पुढे स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने 47व्या अनुच्छेदात दारूबंदीला राज्याच्या धोरणाचे तत्त्व म्हणून स्थान दिले. या साऱ्या प्रयत्नांचा रोख पेला दूर करण्याकडे होता. ज्याच्या हाताला पेल्याची सवय जडली, त्या हाताचे काय, हा प्रश्न तसाच उरला.

त्याचे उत्तर दूरदेशी एका योगायोगाने सापडले. मे 1935 मध्ये बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातील एक अमेरिकन गृहस्थ कामानिमित्त ॲक्रन शहरी आला होता. मद्य सोडून त्याला काही महिनेच झाले होते. काम फिसकटले, हॉटेलात एकटा असता पिण्याची प्रबळ इच्छा झाली. तेव्हा त्याने मद्याने त्रस्त असा दुसरा कोणी गावात आहे का, याचा दूरध्वनीवरून शोध घेतला. अशा रीतीने डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली. आपण दुसऱ्यास सांगू लागलो की आपलाही तोल सांभाळला जातो, असा विल्सन यास अनुभव आला. डॉ. स्मिथ यांनी अखेरचा पेला 10 जून 1935 रोजी घेतला, आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या बंधुमंडळाचा जन्मदिवस मानला जातो. तेथे सभासद आपले पूर्ण नाव सांगत नाही, वर्गणीची सक्ती नाही, आणि निश्चय जन्मभराचा न करता केवळ आजच्या दिवसापुरता करावयाचा असतो. अशा सभा आज महाराष्ट्रातील अनेक शहरांत भरतात. नागपूरही त्यास अपवाद नाही.

मराठी भूमीत या विचाराने स्वतःचे घर बांधले ते पुण्यास. 1980 नंतरच्या दशकात गर्द या विषारी पदार्थाने तरुण मुले ग्रासली. डॉ. अनिल अवचट यांनी त्या मुलांची दशा लेखांतून मांडली. ते लेख वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी अर्थसाहाय्य देऊ केले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी कार्याची धुरा उचलली, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्यास 'मुक्तांगण' सुरू झाले. डॉ. अनिता 1997 साली निवर्तल्या. कार्य मात्र चालू राहिले. तेथील विशेष हा की, व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे तेथे कार्यकर्ते व समुपदेशक होतात. नव्याने आलेल्या भयभीत मनुष्यास समोर जो दिसतो, तो काल त्याच्याच जागी बसलेला असतो. सुधाकराला जे लाभले नाही ते हेच.

सिंधूचाही येथे विचार झाला. नाटकातील सिंधूने सारे मुकाट्याने सोसले. मरतेसमयीही पतीवर ठपका येऊ दिला नाही. त्या मौनापुढे प्रेक्षक नतमस्तक झाले, पण त्या मौनाने ना पती वाचला, ना मूल. मुक्तांगणात पत्नींसाठी 'सहचरी' हा गट निघाला. तेथे स्त्रिया आपले दुःख उघड बोलतात, आणि पतीचे व्यसन हा आपला अपराध नव्हे हे एकमेकींकडून शिकतात.

या इतिहासाचा बोध आजच्या रामदासपेठेतील सुशिक्षित घरांनाही लागू आहे. कारण सुधाकर अशाच घरातला होता. अब्रूच्या भयाने दार लावून घेतले तर व्यसन आतच वाढते. वर्षानुवर्षे भारी प्रमाणात पिणाऱ्याने एकाएकी मद्य सोडल्यास झटके व भ्रम होऊन जिवावर बेतू शकते, म्हणून प्रथम वैद्यकीय देखरेख हवी. त्यानंतर हवी सोबत. मनुष्य मध्येच घसरला तर ती निश्चयाची कायमची हार नव्हे. जुनाट दुखणे जसे उलटते तसे हेही उलटते, आणि पुन्हा उपचार घेता येतो. सुधाकर काम मागावयास आला तेव्हा साऱ्यांनी त्याची मागील कीर्ती आठवली. त्याने त्या दिवशी मद्य घेतलेले नव्हते, एवढी एक गोष्ट कोणी पाहिली नाही. आज असा कोणी दारी आला, तर त्याचा तो एक दिवस आधी पाहावा.