छतावरचा कान : सभाकक्षातला माईक मिक्सरला कसा जोडला गेला?

१/ पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या एखाद्या नव्या सभाकक्षात शिरून मान वर केली, की छतातून लोंबणारे बोटाएवढे माईक दिसू शकतात. टेबलावर एकही नसतो. बोलणाऱ्याने बटण दाबायचे नाही, मान पुढे करायची नाही. जिथे बसला आहे तिथूनच बोलायचे. हे माईक छतावर कसे गेले, आणि तिथून उतरणारी तार मिक्सरपर्यंत येताना कोणकोणत्या अडचणी सोबत घेऊन आली, याची ही गोष्ट. #थ्रेड

२/ आधी शब्दाचा एक घोळ. मराठीत ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द बोलणाऱ्यासमोरच्या माईकलाही वापरला जातो आणि खांबावरच्या कर्ण्यालाही. व्यवहारात त्याने फारसे बिघडत नाही. सभाकक्षात मात्र सारा प्रश्न या दोघांच्या नात्याचाच आहे. एक ऐकतो, दुसरा बोलतो. आणि दुसऱ्याचे बोलणे पहिल्याच्या कानी फिरून पडले, की शिट्टी वाजते. म्हणून येथे ‘माईक’ आणि ‘कर्णा’ असेच शब्द वापरले आहेत.

३/ आज ज्या अर्थाने ‘मायक्रोफोन’ म्हणतात, तो अर्थ १८७८ साली डेव्हिड ह्यूज यांनी रूढ केला. त्या काळचे कार्बनचे माईक टेलिफोनपुरते ठीक होते. तोंड अगदी जवळ नेले तरच त्यांना ऐकू येई. दूरचा आवाज स्वच्छ टिपू शकणारा कंडेन्सर माईक ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्ये तयार केला. छतावरच्या आजच्या माईकचा हा थेट पूर्वज. त्याची एक खोड तेव्हाही होती आणि आजही आहे : त्याला चालण्यासाठी वीज लागते.

४/ परंतु माईकची कीर्ती झाली ती जाहीर सभांमुळे. १९१९ मध्ये सॅन दिएगो येथे अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे भाषण सुमारे ५० हजार लोकांपर्यंत कर्ण्यांतून पोहोचवले गेले. भारतात हे काम मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ने केले. सक्करहून कराचीला आणि तेथून मुंबईला आलेली ही कंपनी. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची अधिवेशनात तिचे कर्णे होते. गांधीजी आणि नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत माईकवर जी ‘शिकागो’ ही अक्षरे दिसतात, ती हीच. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओ प्रकरणात उषा मेहतांसोबत नानक मोटवाने यांच्यावरही खटला चालला; ते निर्दोष सुटले.

५/ जाहीर सभेचे गणित सोपे होते. एक वक्ता, त्याच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर माईक, आणि श्रोते समोर. समितीची, महामंडळाची, सोसायटीची सभा अशी नसते. तिथे वीस तोंडे असतात आणि पुढचे कोण उघडेल हे कुणालाच ठाऊक नसते. शिवाय जो बोलतो, तोच दुसऱ्या क्षणी श्रोता होतो. एकाच खोलीत माईक, कर्णे आणि माणसे एकमेकांत मिसळून बसलेली असतात.

६/ मग माईक वर का न्यावा? टेबल मोकळे राहते. कागद सरकवण्याचा, पेला ठेवण्याचा आवाज कमी येतो. माईक हलवायला कुणाचा हात पोहोचत नाही. या सोयीची किंमत मात्र जबर आहे. तोंडापासून सहा इंचांवरचा माईक सहा फुटांवर गेला, की अंतर बारापट होते. अंतर दुप्पट झाले की थेट आवाज ६ डेसिबलने घटतो. या हिशेबाने येथे सुमारे २१ ते २२ डेसिबल गेले. ते भरून काढण्यासाठी मिक्सरवर आवाज चढवावा लागतो. आणि चढवला, की माणसाच्या आवाजाबरोबर पंखा, एसी, खिडकीबाहेरची रिक्षा आणि खुद्द खोलीही वर येते.

७/ ‘खोली वर येते’ हा अलंकार नव्हे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानकक्ष निरुपयोगी ठरला होता, कारण तिथे उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून, मांडून आणि मोजून पाहिल्या. त्यातून घुमण्याचा नियम सापडला : खोली जितकी मोठी आणि भिंती जितक्या कठीण, तितका आवाज रेंगाळणार. माईक तोंडाजवळ असला, की या रेंगाळण्यावर मात करतो. छतावरचा माईक मात्र त्याच्या मधोमध लटकतो. गुळगुळीत फरशी, काचेच्या खिडक्या आणि सपाट स्लॅब असलेल्या आपल्याकडच्या सभाकक्षांत आधी जाड पडदे लावावेत आणि मग माईक विकत घ्यावेत, हा सल्ला सॅबिनच्या गाद्यांइतकाच जुना आहे आणि तितक्याच निष्ठेने दुर्लक्षिला जातो.

८/ डोक्यावर माईक धरण्याची कल्पना सभाकक्षाची नाही, बोलपटाची आहे. १९२९ मध्ये हॉलिवूडच्या दिग्दर्शिका डोरोथी आर्झनर यांनी मासेमारीच्या काठीला माईक बांधून तो नटीच्या डोक्यावरून फिरवला, असे सांगितले जाते. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी चित्रपट बोलू लागला. चित्रपटातला माईक वर असला, तरी त्याच्याबरोबर एक माणूस असतो. नट सरकला की काठी सरकते. सभाकक्षातल्या माईकला हा सोबती कधीच मिळाला नाही. पुढची सगळी यंत्रे त्या काठीवाल्याची जागा भरण्यासाठी जन्मली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

९/ मराठी माणसाला टांगता माईक ओळखीचा आहे तो रंगभूमीमुळे. बालगंधर्वांच्या पिढीने शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवला तो केवळ कमावलेल्या गळ्यावर. पुढे व्यावसायिक नाटकांत माईक वरून लोंबू लागले, काही रंगमंचाच्या पुढच्या कडेला बसले. दोन माईकांच्या मधल्या जागेत उच्चारलेले वाक्य दुबळे होते, हे नटाला अनुभवाने कळते आणि त्याचे पाय आपोआप माईककडे वळतात. सभासदाला हे शिकवलेले नसते. तो आपल्या खुर्चीवर बसूनच बोलणार.

१०/ आता तारेकडे. कंडेन्सर माईकला वीज हवी, म्हणजे छतावर आणखी एक तार हवी. हा तिढा १९६६ मध्ये सुटला. नॉर्वेच्या नभोवाणीला नवे माईक हवे होते. तिच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच खेळवलेली होती. जर्मनीच्या नॉयमान कंपनीने तीच वीज, आवाज आणणाऱ्या तारेतून उलट दिशेने माईककडे पाठवण्याची सोय केली. हीच ‘फँटम पॉवर’, आणि मिक्सरवर आजही ‘४८ व्होल्ट’ असे लिहिलेले बटण असते ते यामुळेच. ते बटण दाबायचे विसरल्याने नवे कोरे माईक बंद आहेत म्हणून परत पाठवले गेल्याच्या गोष्टी साऊंडवाल्यांत भरपूर चालतात.

११/ माईक बोटाएवढा झाला तो बेल प्रयोगशाळेतील गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांच्यामुळे. १९६२ मध्ये त्यांनी कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा पडदा माईकमध्ये बसवला. हे इलेक्ट्रेट माईक स्वस्त आणि लहान झाले आणि छतावर शोभू लागले. तार मात्र जुन्या टेलिफोनच्याच तत्त्वावर चालते. दोन तारांतून तोच आवाज उलटसुलट पाठवायचा, वरून जाळीचे आवरण द्यायचे. वाटेत शिरलेली गुरगुर दोन्ही तारांत सारखीच येते आणि मिक्सरच्या तोंडाशी वजा होते. म्हणून छतावरून येणारी तार तीन पिनांची असते. तिची एक बाजू तुटली किंवा आवरण सुटले, की ट्यूबलाइट आणि पंख्याच्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुरगुर सभेत सामील होते. विजेच्या तारेला समांतर माईकची तार नेऊ नये, ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडावी, हा नियम फॉल्स सीलिंग करणाऱ्या कारागिराला कुणी सांगितलेला नसतो. आणि सीलिंग बंद झाल्यावर तो सांगून उपयोग नसतो.

१२/ छताचा पंखा ही तर खास आपल्याकडची भर. परदेशी पुस्तकांत तो अडचण म्हणून क्वचितच भेटतो. कोकणपट्टीच्या मे महिन्यात तो बंद करा म्हणण्याची कुणाची छाती नाही. त्यामुळे मिक्सरवर प्रत्येक माईकचा खालचा खर्ज, साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा, कापून टाकणे हे पहिले काम ठरते. माईक पात्यांच्या झोतात आला असेल, तर तेवढ्यानेही भागत नाही. त्याची जागाच बदलावी लागते.

१३/ एक माईक पुरत नाही म्हणून चार लावले, की नवे दुखणे सुरू होते. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली, की शिट्टी वाजण्याआधी आवाज चढवायला उरणारी जागा ३ डेसिबलने घटते. आठ माईक सतत उघडे म्हणजे ९ डेसिबल गेले. शिवाय एकच आवाज दोन माईकांत थोड्या फरकाने पोहोचतो आणि मिक्सरमध्ये एकत्र आल्यावर पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो. म्हणून बोलणाऱ्यापासून माईक जितका दूर, त्याच्या तिप्पट तरी अंतर दोन माईकांत ठेवतात.

१४/ यावर आधी माणूस बसवला. कोण बोलते ते पाहून तो एक पट्टी वर करी, दुसरी खाली. मग आवाज आल्यावर आपोआप उघडणारे माईक आले. ते प्रत्येक वाक्याचे पहिले अक्षर गिळत. तोडगा काढला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या नाट्यगृहात ध्वनिसंयोजन करणाऱ्या डॅन डुगन यांनी, १९७० च्या दशकात. त्यांची युक्ती वाटणीची होती. सगळ्या माईकांत मिळून जितका आवाज आहे, त्यात या माईकचा वाटा किती, तितकेच त्याला उघडायचे. एकच बोलत असेल तर जवळजवळ सगळे त्याला. दोघे सारखेच बोलले तर अर्धे-अर्धे. सगळे गप्प असतील तर सर्वांना समान. एकूण बेरीज नेहमी एका उघड्या माईकइतकीच राहते, म्हणून शिट्टी वाजत नाही. सभाकक्षांतल्या स्वयंचलित मिक्सरांमागे आजही प्रामुख्याने हेच तत्त्व आहे.

१५/ या वाटणीत एक न बोललेला निर्णय दडलेला आहे. विधानमंडळासारख्या सभागृहात प्रत्येक सदस्यापुढे स्वतंत्र माईक असतो, आणि माईक बंद केल्याची तक्रार झाली तर ती पीठासीन अधिकाऱ्याकडे बोट दाखवून करता येते. सदस्याचे बोलणे प्रतिवेदकाच्या लेखणीतूनही कामकाजात उतरते. छतावरच्या माईकांत बोट दाखवायला कुणी नसते. ज्याचा आवाज मोठा त्याला वाटा अधिक. दोघे एकाच वेळी बोलले आणि त्यातला एक हळू बोलणारा, माईकपासून दूर बसलेला असेल, तर ध्वनिमुद्रणात तो जवळजवळ नसतोच. इतिवृत्त त्या मुद्रणावरून लिहिले, तर इतिवृत्तातही नसतो.

१६/ पनवेलपुरते बोलायचे तर ही बाब पोकळ नाही. येथील नगरपालिका १८५२ ची. आयुष्याचा मोठा भाग तिने माईकशिवाय काढला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली, खांदा कॉलनीही तिच्यात आली. २०१७ च्या पहिल्या निवडणुकीत ७८ नगरसेवक निवडले गेले. कायद्याने निम्म्या जागा स्त्रियांच्या. सर्वसाधारण सभा भरू लागल्या त्या आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात. म्हणजे एका नटाचा आवाज प्रेक्षकांकडे नेण्यासाठी बांधलेल्या वास्तूत ७८ जणांनी एकमेकांशी बोलायचे. ध्वनीच्या दृष्टीने याहून अवघड मांडणी शोधून सापडणार नाही.

१७/ शेवटचा तिढा दूरच्या माणसाचा. जुन्नर तालुक्यातील आर्वीचे विक्रम उपग्रह केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले आणि परदेशी फोन उपग्रहामार्गे जाऊ लागले. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच. आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद, आणि परतीचा प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने. स्वतःचेच शब्द असे उशिरा ऐकू आले, की माणूस अडखळतो. त्यावरचा उपाय बेल प्रयोगशाळेत आधीच आकाराला येत होता, आणि १९६७ मध्ये त्याविषयी महत्त्वाचा निबंध लिहिला तो फिरोजपूरला जन्मलेल्या मनमोहन सोंधी यांनी. यंत्राने प्रतिध्वनी कसा येईल याचा अंदाज बांधायचा, तो वजा करायचा आणि चूक पाहून अंदाज सुधारत राहायचे.

१८/ छतावरच्या माईकला हा उपाय अत्यावश्यक आहे, कारण कर्ण्यातून येणारा दूरच्या माणसाचा आवाज तो हमखास ऐकतो. म्हणून मिक्सरला दोन वेगळे रस्ते ठेवावे लागतात : खोलीतल्या कर्ण्यांसाठी एक, आणि दूर पाठवण्यासाठी दुसरा, ज्यात दूरच्या माणसाचा स्वतःचा आवाज वगळलेला असतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर ऑनलाइन सभा सुरू झाल्या, तेव्हा अनेक ठिकाणी हा दुसरा रस्ताच नव्हता. लॅपटॉप थेट मिक्सरच्या मुख्य आउटपुटला जोडला जाई आणि घरी बसलेल्या सदस्याला आपलाच आवाज मागून ऐकू येई.

१९/ आता चौकोनी फरशीसारखे माईक आले आहेत. एकाच तबकडीत अनेक बारीक माईक असतात आणि गणिताने ते आपले ‘लक्ष’ बोलणाऱ्याकडे वळवतात. बोलपटातला काठीवाला अखेर आकडेमोडीच्या रूपाने छतावर चढला. शुअर कंपनीची अशी तबकडी २०१६ मध्ये आली. सिडनीच्या ऑडिनेट कंपनीच्या ‘दांते’ पद्धतीने आवाज नेटवर्क केबलमधून येतो, आणि वीजही त्याच केबलमधून देता येते. तीन पिना गेल्या, मिक्सर संगणकातली प्रणाली झाला. पंखा मात्र आहे तिथेच आहे. आणि यंत्रणा बसवून झाल्यावर ‘हॅलो, चेक, एक-दोन-तीन’ बहुधा अध्यक्षांच्या खुर्चीवरूनच होते. दाराजवळच्या, एसीखालच्या शेवटच्या खुर्चीवर बसून, नेहमीच्या आवाजात चार वाक्ये बोलून ती मुद्रणात कशी उतरली हे ऐकायला फार तर पाच मिनिटे लागतात.