तिकिटावरचा कप्तान



मॉरिशसच्या टपाल खात्याने १९७२ साली समुद्री चाचे आणि सनदी लुटारू यांच्यावर तिकिटे काढली. त्यांपैकी एकावर रोबेर सुरकुफ हा फ्रेंच कप्तान आहे. एवढ्याशा कागदावर माणसाचा पराक्रम मावतो, हिशेब मावत नाही. माझे आयुष्य कामगारांच्या मजुरीचे हिशेब तपासण्यात गेले. म्हणून आज हाही हिशेब मांडतो.

सुरकुफचा जन्म १७७३ सालचा, फ्रान्सच्या सँ-मालो बंदरातला. इंग्रज-फ्रेंच युद्ध पेटले तेव्हा मॉरिशस फ्रेंचांकडे होते. त्या काळी सरकार खासगी जहाजांना सनद देई. सनद असली की शत्रूचे जहाज लुटणे हे युद्ध. नसली की तीच चाचेगिरी, आणि चाच्याला फास!

१७९६ साली बंगालच्या उपसागरात सुरकुफने मूठभर माणसांनिशी ईस्ट इंडिया कंपनीचे ‘ट्रायटन’ पकडले. पण त्याच्यापाशी ही सनद नव्हती. मॉरिशसच्या गव्हर्नराने लूट सरकारजमा केली. सुरकुफ फ्रान्सला जाऊन भांडला आणि त्याने भरपाई मिळवली. ज्यांचा माल गेला, त्यांना या साऱ्याने काय फरक पडला?

पुढे १८०० साली, या वेळी सनद घेऊन, त्याने ‘कोंफियांस’ या अठरा तोफांच्या जहाजातून कितीतरी मोठे ‘केंट’ जिंकले. तिकिटावरची कीर्ती ती हीच. आता वाटणी पाहा. फ्रेंच रिवाजाप्रमाणे लुटीचे दोन हिस्से जहाजाच्या मालकांना आणि एक हिस्सा कप्तानापासून पोऱ्यापर्यंत सर्वांना मिळून. मालकांनी भांडवल घातले, हे खरे. पण ‘केंट’वर उड्या घेऊन जीव कोणी धोक्यात घातला? त्या खलाशांची नावे आपल्यापैकी किती जणांनी ऐकली आहेत?

याहून काळी बाजू जहाजाच्या पोटात आहे. फ्रान्सने ४ फेब्रुवारी १७९४ रोजी गुलामगिरी रद्द केली, त्यानंतरही सुरकुफने गुलामांची वाहतूक केली. इंग्रजी माल लुटायला त्याला सनद लागे. माणसे विकायला मात्र कायद्याची बंदीही आड आली नाही.

१८१० साली इंग्रजांनी मॉरिशस घेतले. १८३५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने संपली, आणि उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिये नेण्यात आले. १८३४ पासून जवळजवळ पाच लाख माणसे त्या बेटावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणी माणसेही होती. त्यांच्या वंशजांत मराठी आजही टिकून आहे.

१८५६ च्या पॅरिसच्या जाहीरनाम्याने सनदी लूट बंद केली. सुरकुफ शूर होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण इतिहास वाचताना डेकवरच्या कप्तानाकडे जेवढे पाहतो, तेवढेच तळघरातल्या माणसाकडे पाहिले पाहिजे. जहाज दोघांचे वजन घेऊन चालत होते.