समुद्री गोगलगायी, शिंपले आणि चेताविष

समुद्री गोगलगायी व शिंपले खाऊन होणाऱ्या चेताविषबाधेत आधी ओठ आणि जीभ बधिर होतात, मग बोटांना मुंग्या येतात आणि बोलणे जड होते. विष जास्त प्रमाणात पोटात गेले असेल, तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. ही विषे उकळून वा तळून जात नाहीत आणि चवीवरून कळतही नाहीत. त्यांचा इतिहास म्हणजे खाणाऱ्यांच्या अनुभवाबाहेर राहिलेले कारण शोधण्याचा इतिहास आहे.

जून १७९३ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतील काही खलाशांनी आजच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर शिंपले खाल्ले. त्यांतील जॉन कार्टर काही तासांतच दगावला. कारण उलगडायला मात्र विसावे शतक उजाडले. १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात शंभराहून अधिक माणसे आजारी पडली आणि सहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर हर्मन सोमर आणि कार्ल मेयर यांनी दाखवून दिले, की विष मुळात समुद्रातील सूक्ष्म शैवालात असते. शिंपले पाणी गाळून ते शैवाल खातात आणि विष साठवतात. हेच विष पुढे सॅक्सिटॉक्सिन या नावाने ओळखले गेले.

गोगलगायींत विष दोन वाटांनी येते. नेपच्युनिया जातीच्या मांसाहारी गोगलगायी स्वतःच्या लाळग्रंथीत टेट्रामाइन तयार करतात. जपानमध्ये १९५० च्या दशकात त्याची ओळख पटली. डोके दुखणे, भोवळ येणे आणि एकाचे दोन दिसणे ही त्याची लक्षणे बहुधा दिवसभरात ओसरतात. म्हणूनच ती ग्रंथी काढून टाकून मांस खाण्याची रीत पडली. दुसरी वाट अन्नातून येते आणि ती अधिक घातक आहे. १९७९ मध्ये जपानमधील शिमिझु येथे शंखवर्गातील मोठी गोगलगाय खाऊन विषबाधा झाली. तपासात तिच्या पाचक ग्रंथीत फुगा माशातले टेट्रोडोटॉक्सिन सापडले. तिने खाल्लेल्या तारामाशातून ते आले होते. चीन आणि तैवानमध्ये नासारियस या छोट्या गोगलगायींमुळे माणसे दगावली आहेत. टेट्रोडोटॉक्सिन आणि सॅक्सिटॉक्सिन दोन्ही चेतापेशींतील सोडियमच्या वाटा बंद करतात. त्यांवर उतारा नाही. श्वास कृत्रिमपणे चालू ठेवणे हाच उपचार आहे.

भारतात नोंदलेल्या ठळक घटना शिंपल्यांच्या आहेत. १९८१ मध्ये तामिळनाडूतील वायलूर येथे शिंपले खाऊन ८५ जण आजारी पडले आणि तिघांचा मृत्यू झाला. १९८३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर मंगळूरच्या परिसरात अशीच विषबाधा झाली. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळातील विळिंजम येथे तपकिरी शिनाणे खाऊन सात जण दगावले आणि सुमारे पाचशे जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

कोकण आणि गोव्यात ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, कालवे आणि शिनाणे गोळा करण्याची चाल फार जुनी आहे. हे काम मुख्यतः बायका करतात. कुठला चिखल चांगला, कुठला शिंपला मेलेला, हे त्यांना नजरेने कळते. कुजलेले किंवा शिळे मांस त्या अचूक ओळखतात. पण ताज्या, जिवंत शिंपल्यात साठलेले शैवालविष कोणाच्याच नजरेला दिसत नाही. ते प्रयोगशाळेतच मोजावे लागते. १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम सॅक्सिटॉक्सिन ही सर्वमान्य मर्यादा आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांच्या साहाय्याने शैवालबहराची माहिती देते. निर्यातीच्या मालाची तपासणी होते. पण घरी शिजणारा आणि गावच्या बाजारात विकला जाणारा शिंपला बहुधा तपासाविनाच ताटात येतो. बहराचा इशारा खाडीत उतरणाऱ्या बाईपर्यंत तिच्या भाषेत आणि वेळेत पोहोचणे, हाच वायलूर आणि विळिंजमच्या मृत्यूंचा धडा आहे.