वळिवड्याची वाट

निपाणीच्या वेशीवरून उत्तरेस निघालेला धावपटू कागल मागे टाकून वळिवड्यास पोहोचला, तर त्याचे अंतर मॅरेथॉनच्या ४२ किलोमीटरांच्या आसपास भरेल. श्रोतेहो, या सीमाभागातून अशी एखादी स्मृतिदौड निघावी, असे मला पुष्कळ दिवस वाटत आहे. धावपटूला तो पल्ला चार-पाच तासांचा. १९४३ मध्ये जे पोलिश निर्वासित वळिवड्यास आले, त्यांच्या प्रवासाला तीन वर्षे उलटून गेली होती.

फेब्रुवारी १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील कुटुंबे ऐन थंडीत घराबाहेर काढली, गुरांच्या डब्यांत कोंबली आणि सैबेरियाकडे धाडली. तेथे लाकूडतोड, उपासमार आणि मृत्यू. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर चाल केली, तेव्हा कोठे सुटकेचा करार झाला. पुढे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण, मग कराची, मग आपले कोल्हापूर. धडधाकट पुरुष बहुतेक सैन्यात गेलेले. त्यामुळे वळिवड्याच्या सुमारे पाच हजार वस्तीत मुख्यतः बायका-मुलेच होती. बराकींच्या रांगांतून त्यांनी शाळा, चर्च, दवाखाना, नाटकगृह उभे केले.

या आश्रयाचे सारे श्रेय आपण कोल्हापूरच्या राजाला देऊन टाकतो. वस्तुतः त्या वेळी गादीवर अजाण बालक होते. जागा संस्थानाची, व्यवस्थेवर हुकमत ब्रिटिशांची आणि खर्चाचा भार लंडनमधील परागंदा पोलिश सरकारचा. हे सांगितल्याने कोल्हापूरकरांच्या सौजन्याला उणेपणा येत नाही. त्या सौजन्याची आठवण तेथे वाढलेली मुले म्हातारपणीही काढीत राहिली.

युद्ध संपले, पण त्यांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती. परतायचे कोठे? १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. पुष्कळजण ब्रिटनला गेले आणि तेथून जगभर पांगले.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे. २०१९ मध्ये वळिवड्यासही स्मृतिस्तंभ झाला. वॉर्सा शहरात तर कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. तरीही आपली दौड स्तंभापाशी थांबू नये. ती शेजारच्या गांधीनगरात, कापडाच्या बाजारपेठेत शिरावी. आपल्याकडचे दुकानदार तेथे माल भरावयास जातात. ती बाजारपेठ उभारणारे सिंधी लोकही फाळणीने घर गमावून आले होते, आणि त्यांना पहिला निवारा मिळाला तो पोलिश कुटुंबांनी सोडलेल्या याच बराकींत.