प्राथमिक शाळेचे एक सत्र आणि वर्गाबाहेरचे मूल

महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास बहुधा शाळांच्या संख्येने लिहिला जातो. कोणत्या साली किती शाळा निघाल्या, पटावर किती मुले आली, एवढे सांगितले की इतिहासकाराचे समाधान होते. जूनमध्ये पाटी घेऊन आलेले मूल दिवाळीपर्यंतच्या सत्रात नेमके काय शिकले, आणि ते विषय कोणाच्या गरजेतून ठरले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या यावलसारख्या गावी उभे राहून हा प्रश्न विचारला पाहिजे.

१७८८ साली शिंद्यांनी निंबाळकरांना दिलेले हे गाव १८४३ मध्ये कायमचे इंग्रजी अमलाखाली आले. एकेकाळी ते जाड्याभरड्या देशी कागदासाठी आणि निळीसाठी प्रसिद्ध होते. अशा देशी कागदावरच कुळकर्ण्याचे दप्तर आणि सावकाराचे खत लिहिले जाई. पंतोजीच्या शाळेतील मुलाच्या वाट्याला धूळपाटी येई. तिच्यावर मुळाक्षरे, मग मोडी, आणि रोज ओरडून म्हणायचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. हे अपूर्णांकांचे पाढे म्हणजे केवळ घोकंपट्टी, असे हिणवण्याची आपल्या सुधारकांना सवय आहे. खरे म्हणजे व्याजाचा, मापाचा, सारावसुलीचा सारा हिशेब त्यांवर चाले. ज्याला दिडकी येई त्याने खत लिहावे आणि ज्याला येत नसे त्याने त्याखाली अंगठा उठवावा, अशी ही वाटणी होती. कर्ज काढणाऱ्याला ह्या विद्येची अधिक गरज होती आणि नेमका तोच शाळेबाहेर होता.

ही गोष्ट जोतीराव फुल्यांनी ओळखली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी केवळ अधिक शाळा मागितल्या नाहीत. शाळेत काय शिकवावे हेही मांडले. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचे काही पाठ, आणि शेतीच्या पाठांना जोडून एक लहानसे नमुना शेत. ह्या यादीत मोडी आहे, कारण शेतकऱ्याला बुडवणारे कागद मोडीत असत. शूद्रातिशूद्रांच्या बाजूने अभ्यासक्रमाचा विचार करणारा इतका नेमका मजकूर त्या काळात दुसरा सापडणे कठीण.

पण विषय ठरले म्हणून ते सर्वांपर्यंत पोचले असे नव्हे. सरकारी शाळा सर्वांना खुल्या हे तत्त्व कंपनीच्या शेवटच्या वर्षांतच मान्य झाले होते. तरीही खानदेशातच काय, साऱ्या मुंबई इलाख्यात अस्पृश्य मुलाची जागा ओट्यावर, दाराशी किंवा कोपऱ्यात आपापल्या गोणपाटावर असे. ह्यात अपमान होता हे सर्व जण सांगतात. त्यात शिकण्याचे काय होई, हे कोणी सांगत नाही. गणित पाटीवर होते आणि चूक शिक्षकाने दुरुस्त केल्याशिवाय सुधारत नाही. विटाळाच्या भीतीने जो शिक्षक पाटीला हात लावीत नसे, तो लांबून पाहून मान हलवी. फळा दिसत नसे, वाचन ऐकू येत नसे. एकाच शाळेत, एकाच सत्रात, एकाच पुस्तकातून दोन वेगवेगळे अभ्यासक्रम चालत. त्यांतला एक कोठेच छापलेला नव्हता.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. पुढच्याच वर्षी सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या शैक्षणिक, आर्थिक व सामाजिक स्थितीच्या चौकशीसाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते आणि १९२९ मध्ये त्या कामासाठी खानदेशात आले होते. चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या एका बांधवाने लगाम हाती धरला, आणि पुलाजवळ अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. त्या समितीने १९३० च्या अहवालात वेगळ्या शाळांऐवजी सर्वांच्या एकत्र शाळांचा पुरस्कार केला.

भूगोलाचे उदाहरण तर विलक्षण आहे. लहान मुलाला आधी आपले गाव, मग तालुका, मग जिल्हा शिकवावा, अशी ह्या विषयाची रीत आहे. गावाच्या शिवेचा वाद निघाला म्हणजे ज्याची साक्ष निर्णायक मानीत तो महार होता. शिव, धुरे, ओढे, वाटा त्याच्या पायाखालच्या होत्या. हे ज्ञान वतनाच्या वेठीत जुंपले गेले; १९५८ च्या कायद्याने ती वतने नष्ट झाली. मात्र शाळेच्या भूगोलात ह्या ज्ञानाला विषय म्हणून कधी स्थान मिळाले नाही. नकाशा कचेरीतून आला आणि शिव जाणणाऱ्याचा मुलगा तो ओट्यावरून पाहत राहिला.

यावल तालुक्यातच, फैजपूरला, डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, आणि पुढच्या वर्षी वर्ध्याहून मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघाली. टकळी आणि सूत वेळापत्रकात आले. हाताच्या कामाला मान मिळावा हा हेतू चांगला होता. परंतु ज्याच्या घराण्याला जन्मानेच एक धंदा चिकटवला होता, त्या मुलाला शाळेतून हवी होती ती त्या धंद्यातून सुटण्याची अक्षरे.

आज यावलच्या उत्तरेकडील पाड्यांत तडवी आणि पावरा मुले पहिलीत येतात, तेव्हा पाठ्यपुस्तकाची मराठी त्यांना घरच्या बोलीहून परकी असते. पहिला पाठ त्यांना भाषांतर करूनच ऐकावा लागतो. ज्या घरांना दिवाळीनंतर मजुरीसाठी बाहेर पडावे लागते, त्यांच्या मुलांचे दुसरे सत्र अर्धेमुर्धेच राहते. २०२३ पासून राज्यात पाठ्यपुस्तकाचे चार भाग करून प्रत्येक भागात सर्व विषय एकत्र बांधले गेले, आणि पाठांमध्ये लिहिण्यासाठी कोरी पाने घातली. हेतू दप्तराचे ओझे कमी करण्याचा होता. ज्या घरात वही विकत घेणे जड जाते, तेथे ती कोरी पाने म्हणजेच वही होती. २०२५ मध्ये ती पाने काढून टाकण्याचा निर्णय झाला.