वेळेवर उठणारा पाहुणा

पाहुण्याची परीक्षा तो येतो कसा यावर होत नाही, तो उठतो केव्हा यावर होते. येताना सगळेच हसतमुख असतात, हातात खाऊचा पुडाही असतो. खरा पाहुणा ओळखावा तो घरातल्या पोरानं पहिली जांभई दिली की चपला शोधू लागतो त्यावरून. टेलिव्हिजन नावाचं जे खोकं आज आपल्या घरात घरजावयासारखं ठाण मांडून बसलं आहे, ते एके काळी या जातीचं सालस पाहुणं होतं, असं सांगितलं तर लोक माझ्याकडे संशयानं पाहतात. म्हणून थोडा इतिहास सांगणं भाग आहे. इतिहास विलायतेतला आहे. मी तिथल्या त्या संध्याकाळी पाहिलेल्या नाहीत. पण काहींना जुनी पंचांगं चाळायचा नाद असतो, तसा मला संपून गेलेल्या कार्यक्रमांची माहिती वाचायचा आहे.

२ नोव्हेंबर १९३६, सोमवार. लंडनच्या उत्तरेला टेकडीवर अलेक्झांड्रा पॅलेस नावाची अवाढव्य इमारत आहे. तिथून बीबीसीची नियमित टेलिव्हिजन सेवा त्या दिवशी दुपारी तीन वाजता सुरू झाली. नवरदेव मात्र दोन होते. एक जॉन लोगी बेअर्ड यांची पद्धत आणि दुसरी मार्कोनी-ईएमआय कंपनीची. कोणाचा मान पहिला? एवढा गहन प्रश्न तिथल्या शहाण्यांनी नाणं उडवून सोडवला! कौल बेअर्डना मिळाला. पुढे एक आठवडा याचा, एक त्याचा, अशी पाळी लावून दिली.

बेअर्डसाहेबांच्या पद्धतीत मोठी गंमत होती. एका प्रकारात कॅमेरा जमिनीला जखडलेला असे. तो आधी फिल्म काढायचा, ती तिथल्या तिथे धुतली जायची आणि ओली असतानाच तिच्यावरचं चित्र प्रक्षेपित व्हायचं. या सगळ्याला जवळजवळ एक मिनिट लागे. म्हणजे इकडे बाईंचं पहिलं कडवं संपत आलं, की तिकडे प्रेक्षकांना बाई तोंड उघडताना दिसायच्या. हे प्रकरण तीन महिन्यांत आटोपलं आणि मार्कोनी-ईएमआयची पद्धत तेवढी उरली.

आता वेळापत्रक ऐका. दुपारी तीन ते चार आणि रात्री नऊ ते दहा. बस्स! रविवारी सुट्टी. बरं, या दोन तासांसाठी घ्यायचा संच किती रुपड्यांचा? शंभर गिनींच्या आसपास. तेवढ्यात त्या काळी एक छोटी मोटार दारात उभी राहत असे. एवढे पैसे मोजून चित्र सरळ दिसावं ना? तेही नाही. काही संचांमधली चित्रनळी इतकी लांब, की ती उभीच बसवावी लागे. मग झाकणाला आतून आरसा लावायचा, झाकण उघडून तिरपं ठेवायचं आणि आरशात पडलेलं चित्र पाहायचं. सगळं घर दाढी करायला बसल्यासारखं आरशाकडे टक लावून!

१ सप्टेंबर १९३९ रोजी, महायुद्ध तोंडावर आलं असताना, हा पाहुणा न सांगता निघून गेला. त्याच्या लहरींचा माग काढत शत्रूची विमानं आली असती आणि शिवाय त्याचे इंजिनियर लढाईच्या कामाला हवे होते. शेवटी शेवटी दाखवलेल्यात मिकी माउसचं एक व्यंगचित्र होतं. ७ जून १९४६ ला पाहुणा परतला. निवेदिका तीच, जॅस्मिन ब्लाय. ‘ओळखलंत का मला?’ अशी तिनं विचारपूस केली. मग तेच मिकी माउस पुन्हा दाखवलं. मधल्या सात वर्षांत लंडनचे मोहल्लेच्या मोहल्ले बेचिराख झाले होते. एवढ्या उलथापालथीनंतर जुन्या माणसानं येऊन ओळख विचारणं म्हणजे काय, हे ज्यांची घरं उरली होती त्यांनाच ठाऊक.

पण मला खरं कौतुक आहे ते १९५० नंतरच्या चार-सहा वर्षांतल्या संध्याकाळींचं. पाच वाजता मुलांचे कार्यक्रम. सहाला ते संपले, की पडदा कोरा. सातपर्यंत काहीच नाही! हेतू असा, की आयांनी पोरांना खाऊ-पिऊ घालून अंथरुणात ढकलावं. पोरांना वाटे, आजचं सगळं संपलं. मग मोठ्यांसाठी पुन्हा उजेड. निवेदक काळ्या कोटात आणि बो लावून, निवेदिका पायघोळ पोशाखात. कारण परक्याच्या घरी रात्री जायचं ते व्यवस्थित कपड्यांतच.

रविवारी नाटक असे. ध्वनिचित्रमुद्रणाची सोय नव्हती, म्हणून तेच नाटक गुरुवारी पुन्हा मांडायचं, त्याच नटांनी, पहिल्यापासून. आपल्याकडच्या नाटकवाल्यांना यात नवल वाटणार नाही. मध्येच यंत्र रुसलं की पडद्यावर कुंभाराचं फिरतं चाक येई. मडकं घडतंय, मोडतंय, पुन्हा घडतंय. पुरं कधीच होत नसे. लोक तेही मुकाट बघत. रात्रीच्या बातम्या ऐकू येत, पण वाचणाऱ्याचं तोंड सप्टेंबर १९५५ पर्यंत दाखवत नसत. चुकून भुवई वर गेली तर ते मतप्रदर्शन व्हायचं! आजचे बातमीदार भुवया, हात आणि खुर्ची असं सगळंच उडवतात, ते पाहून मला त्या अदृश्य गृहस्थाची फार आठवण येते. शेवटी राष्ट्रगीत. संच बंद केला की पडद्याच्या मधोमध पांढरा ठिपका राही आणि हळूहळू विझे.

२ जून १९५३ ला राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला. देशात संच सत्तावीस लाखांच्या घरात आणि पाहणारे दोन कोटींहून अधिक. निम्म्याहून जास्त मंडळी दुसऱ्यांच्या घरात बसली होती. ज्या इंग्रजाला शेजाऱ्याचं नाव विचारायला दहा वर्षं लागतात असं आपण ऐकतो, तो शेजाऱ्याच्या सतरंजीवर मांडी घालून बसला! आणि नेमका तेलाच्या अभिषेकाचा क्षण आला, तेव्हा तो पडद्यावर दाखवला नाही. काही गोष्टी पाहुण्यानं पाहायच्या नसतात.

हा शहाणपणा सगळाच स्वभावातला होता, असं मात्र समजू नका. बराचसा गरिबीतला होता. सहा ते सातचा तो कोरा तास बीबीसीला परवडे. परवान्याचे पैसे तेवढेच, मग जास्त कार्यक्रम करून खर्च कशाला? पण २२ सप्टेंबर १९५५ पासून जाहिरातींवर जगणारी आयटीव्ही आली. तिला कोरा तास म्हणजे बुडालेला धंदा. तिनं ओरड केली. पोरांना झोपवणं हे आईबापांचं काम आहे, सरकारचं नव्हे, असं खात्याच्या मंत्र्यांनी ठरवलं आणि १६ फेब्रुवारी १९५७ ला तो तास भरून निघाला. बीबीसीनं त्या शनिवारी सहा वाजून पाच मिनिटांनी तरुणांच्या नाचगाण्याचा कार्यक्रम सुरू केला. मंत्र्यांचा मुद्दा बिनतोडच होता. फक्त त्या दिवसापासून ‘चल, झोप आता’ म्हणणाऱ्या आईला घरातच एक प्रतिस्पर्धी मिळाला, आणि तो आईपेक्षा चांगलं गात होता.

आपल्याकडे मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शन आलं, तेव्हा तेही असंच संध्याकाळचं येई आणि रात्री जाई. शनिवारच्या मराठी चित्रपटाला चाळीतल्या एका संचापुढे अख्खा मजला जमे. ते दिवस फार सुखाचे होते असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरी संच होता त्यांना विचारा! आमच्या हिचं म्हणणं असं, की आताही बटण आपल्याच हातात आहे, बंद करायला कोणी धरलंय का? बरोबर आहे. पण घरजावयाला ‘निघा’ म्हणणं आणि पाहुण्यानं ‘निघतो’ म्हणणं यात फरक आहे. पहिल्यात रोज एक भांडण आहे, आणि रोज भांडायला आईबापांत तेवढं बळ उरत नाही.

विलायतेतली पोरं म्हणे तो पांढरा ठिपका पुरता विझेपर्यंत जागची हलत नसत. तो विझला की खोलीत पाहण्यासारखं उरे ते एकमेकांचं तोंड. त्यावर भुवई वर गेली तरी चालत असे.