महिन्याला तीनशे किलोमीटर फिरणाऱ्या घराने जुनी गाडी घेताना काय बघावं?

पालघर : आपल्या पालघर-बोईसर पट्ट्यात बऱ्याच घरांना चारचाकी रोज लागत नाही. २०१३ साली चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून मुंबईला नोकरी करणारा माणूस रेल्वेनेच जातो. तारापूर एमआयडीसीत कामाला जाणारा बाईकने नाहीतर कंपनीच्या बसने जातो. शेतावर जायला बाईक पुरते. घरातली गाडी निघते ती आईवडिलांना दवाखान्यात न्यायला, लग्नाकार्याला, चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला, आणि पावसाळ्यात रात्री कोणी आजारी पडलं तर. असा हिशोब मांडला तर महिन्याला तीनशे किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी.

आणि तरीही जुनी गाडी बघायला गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अॅव्हरेज किती देते?"

जरा आकडे घालून बघा. महिन्याला तीनशे म्हणजे वर्षाला ३,६०० किलोमीटर. एक गाडी लिटरला १५ देते, तिला वर्षाला २४० लिटर पेट्रोल लागेल. दुसरी २० देते, तिला १८० लिटर. फरक ६० लिटरचा. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर वर्षाचे ६,३०० रुपये, म्हणजे महिन्याला सव्वापाचशे. आता जास्त अॅव्हरेजच्या गाडीसाठी मालक ७० हजार जास्त मागत असेल, तर ते पैसे फिटायला अकरा वर्षं लागतील. तोवर गाडी भंगारात गेलेली असेल. म्हणून कमी फिरणाऱ्या घराने अॅव्हरेज शेवटी विचारावं. आधी पत्रा, मग कागद, मग इंजिन, हा माझा क्रम आहे. इंजिनचं काम आपला गॅरेजवाला करून देतो, सडलेला पत्रा आणि अडकलेला कागद कोणी सरळ करून देत नाही.

डिझेल नको, सीएनजीचा विचार करून

महिन्याला तीनशे किलोमीटरसाठी डिझेल गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. डिझेलचं इंजिन दमदार असतं हे खरं, पण त्याचा इंजेक्टर किंवा टर्बो गेला की एका झटक्यात वर्षा-दोन वर्षांच्या पेट्रोलइतका खर्च निघतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरच्या लाइनमध्ये एक फिल्टर बसवलेला असतो. ती काजळी जळून जायला गाडी हायवेवर बराच वेळ एका वेगात पळावी लागते. बोईसर स्टेशन ते घर एवढंच फिरणाऱ्या गाडीत तो फिल्टर चोंदतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदीचा नियम आल्यापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. भाव बघून भुलू नका.

सीएनजीचं गणित थोडं वेगळं आहे. किलोला ८० रुपये आणि २५ किलोमीटर धरले तर वर्षाचा गॅस साडेअकरा हजारांचा होतो. तीच गाडी पेट्रोलवर १८ देत असेल तर २१ हजार लागतात. वर्षाला साडेनऊ हजार वाचतात, पण डिकी जाते. पेशंटला मुंबईला न्यायचं आणि सोबत चार पिशव्या असतील तर त्या मांडीवर घ्याव्या लागतात. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते, पंपावरची रांग वेगळी. सीएनजीच घ्यायची तर कंपनीची फिटेड घ्या. बाहेरून किट बसवलेलं असेल तर आरसीवर पेट्रोल आणि सीएनजी दोन्ही लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर ती गाडी सोडून द्या.

कोणती गाडी?

आपल्या रस्त्यांना आणि आपल्या गॅरेजवाल्यांना सवय असलेली गाडी घ्यावी, एवढंच माझं म्हणणं. मारुतीची वॅगनआर २०१० नंतरच्या इंजिनची असेल तर या कामाला सगळ्यात सोयीची वाटते. सीट उंच आहे, त्यामुळे गुडघे दुखणारी आजी आणि साडीतली बाई वाकल्याशिवाय आत बसते. चार माणसांचं घर असेल आणि गल्ली अरुंद असेल तर अल्टो. ह्युंदाईची आय-टेन किंवा सँट्रो आतून जास्त आरामाची, पार्ट थोडे महाग. माणसं जास्त असतील तर इको, पण तिच्यात पुढच्या सीटखाली इंजिन असल्यामुळे उन्हात गरम होते, आणि बऱ्याच इको भाड्याने पळालेल्या असतात. क्लचचा पेडल गुळगुळीत आणि सीटचं कापड नवं दिसलं की समजून जा.

शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं बंद केलं, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करायचं जाहीर केलं. त्यांच्या जुन्या गाड्या मजबूत आहेत आणि भावही पडलेला असतो. पण एका पार्टसाठी वसई-मुंबईला खेपा घालायची तयारी असेल त्यानेच घ्याव्यात.

भावाबद्दल एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्या वेळी मारुतीच्या एस-प्रेसोची सुरुवातीची शोरूम किंमत साडेतीन लाखांपर्यंत उतरली. नवी गाडी एवढ्यात मिळत असेल तर आठ-दहा वर्षांच्या अल्टोला कोणी तीन लाख सांगितले तर हसून उठावं.

सुरक्षेचं लोक विचारत नाहीत, मी मुद्दाम सांगतो. गाडी कमी फिरली तरी मनोरला किंवा चिल्हार फाट्याला बाहेर पडली की ती मुंबई-अहमदाबाद हायवेवरच येते. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. एवढी महागडी गाडी असून ही गत. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस आणि जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. बजेट थोडं ताणता येत असेल तर त्यानंतरची गाडी शोधा. मागच्या सीटचे पट्टे खाली दाबून टाकलेले असतात, ते बाहेर ओढून लागतात का ते बघा.

गंज : आपल्याकडचा खरा शत्रू

सातपाटी, केळवे, माहीम, चिंचणी, डहाणू या किनाऱ्यावर उभी राहिलेली गाडी वरून चकाचक आणि खालून चाळणी असू शकते. खारं वारं, चार महिने पाऊस, आणि गाडी जागेवर उभी. जास्त फिरणाऱ्या गाडीपेक्षा उभी राहणारी गाडी लवकर सडते, कारण साचलेला ओलावा सुकत नाही. एमआयडीसीच्या धुराची भर त्यात आहेच.

गाडी दुपारच्या उजेडात बघायला जा. डिकीतली स्टेपनी बाहेर काढा आणि खालचा खड्डा बघा. पायातले मॅट उचला, कार्पेटखाली हात घाला. चारही दरवाजांच्या खालच्या कडा बोटाने चाचपा, फुगवटा लागला तर आतून गंज आहे. बोनेट उघडून पुढच्या शॉकअपच्या वरचा पत्रा बघा, तिथे गंज असेल तर सौदा तिथेच थांबवा. मग गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा : ब्रेकचे पाइप, सायलेन्सर, दोन्ही बाजूंचे फूटबोर्ड. खालून ताजा काळा डांबरासारखा थर मारलेला दिसला तर का मारला ते विचारा. फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे, नाहीतर तो भागच प्लास्टिकचा आहे.

वसई-विरार, नालासोपाऱ्याकडची गाडी असेल तर पाण्यात बुडाली होती का हेही बघावं लागतं. जुलै २०१८ मध्ये तिकडे किती पाणी भरलं होतं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, आतल्या भागावर चिखलाचा डाग राहतो. सीटच्या खालच्या रुळात माती, फ्यूज बॉक्समध्ये हिरवट बुरशी, आणि काच बंद केल्यावर येणारा कुबट वास. अत्तराची बाटली लटकवलेली असली की मी तर जास्तच वास घेतो.

उभ्या गाडीची वेगळी तपासणी

"काका, गाडी फक्त वीस हजार चाललीय, घरातच असते." हे वाक्य ऐकून खूश होऊ नका. दहा वर्षांत वीस हजार चाललेली गाडी खरी असेल तर तिचे टायर, रबर आणि पाइप दहा वर्षं जुने आहेत. खोटी असेल तर मीटर मागे फिरवलेला आहे. सर्व्हिस सेंटरची जुनी बिलं मागा, त्यावर त्या त्या वेळचं रनिंग लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी सहा वर्षांवरचा टायर बदलायचा आहे असं धरून भाव करा.

एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला धरून बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत पेट्रोलचे रबरी पाइप तडकलेत का ते मेकॅनिककडून बघून घ्या. इथेनॉल ओलावा ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात टाकी तळाला ठेवून गाडी महिनाभर उभी करू नये.

इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाळ फेस असेल तर इंजिनात पाणी शिरतंय. मग पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीत घेऊन जा, घरची चार माणसं बसवून, एसी लावून. चढावर इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच प्लेट गेलेली आहे. उतरताना ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. आपला गॅरेजवाला सोबत न्या, त्याला दिवसाचे पाचशे-हजार द्यावे लागले तरी.

कागद

अणुशक्ती केंद्राच्या वसाहतीतली गाडी चांगली सांभाळलेली असते असा आपल्याकडे समज आहे, आणि बदली किंवा निवृत्तीच्या वेळी तिथे चांगल्या गाड्या निघतातही. पण हल्ली प्रत्येक एजंट "कॉलनीची गाडी" म्हणूनच दाखवतो. आरसीवर नाव आणि पत्ता कोणाचा आहे ते वाचा. कितव्या मालकाची आहे, विमा आणि पीयूसी कधी संपतं, हे एमपरिवहन अॅपवर गाडी नंबर टाकून दिसतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर ई-चलान थकलेलं आहे का तेही बघा. थकबाकी मालकाने भरावी, मग टोकन.

आपल्या जिल्ह्याच्या गाड्या एमएच-४८, त्याआधीच्या ठाण्याच्या एमएच-०४. जवळच असल्यामुळे दमण, सिल्वासा आणि वलसाडच्याही गाड्या इकडे विकायला येतात, म्हणजे डीडी, डीएन आणि जीजे-१५. त्या स्वस्त दिसतात. पण बाहेरच्या राज्याची गाडी इथे कायम वापरायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो. इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तो धरल्यावर बहुतेक वेळा स्वस्ताई उरत नाही.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. मूळ मालक वारलेला असेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने करून घ्यायला सांगा, मुलाच्या नुसत्या सहीवर गाडी घेऊ नका. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवीन एचएसआरपी नंबर प्लेट लागलेली हवी, नाहीतर आरटीओत काम अडतं. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८८० च्या आसपास.

पंधरा वर्षं होत आलेली गाडी घेत असाल तर खर्च आधीच धरा. एप्रिल २०२२ पासून पुन्हा नोंदणीची फी ६०० वरून ५,००० झाली. वरून पर्यावरण कर आणि फिटनेसमध्ये पास होण्यासाठीची डागडुजी.

विकणाऱ्यांनीही वाचावं. गाडी दिली पण नाव तसंच राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याची. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलंय. घेणाऱ्याने चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

गाडी घरी आल्यावर आठवड्यातून एकदा तरी वीस मिनिटं रस्त्यावर फिरवा, दारात नुसती चालू करून बंद करू नका. पावसाळ्यात जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो जाम होतो. गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. आणि भातकापणीच्या दिवसांत रोज बोनेट उघडून बघत जा. शेतातले उंदीर तेव्हा घराकडे येतात आणि गाडीची वायर त्यांना फार आवडते.